तिसऱ्या हाकेला ओ

माझ्या वडलांना, म्हणजे आबांना, पहिल्या हाकेला ओ देताना मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. कानानं कमी आहेत म्हणावं, तर तसंही नाही. शेजारच्या घरात कुणी कढईत शेंगदाणे टाकले तरी ह्यांना इकडं कळतं. पण नाव घेऊन हाक मारा, माणूस ढिम्म. दुसरी मारा, मान जराशी हलते. तिसरी मारली की मग 'ओऽऽ' असा जबाब येतो, की गॅलरीतली कबुतरं उडून समोरच्या बिल्डिंगीवर जाऊन बसतात.

ह्याला कारण आहे. आबांच्या मते फार मोठं कारण आहे. आम्ही मेंढरामागची माणसं. कन्नडच्या पुढं, घाटाच्या अंगाला आमची वस्ती. आबांची सगळी हयात मेंढरं घेऊन रानोमाळ फिरण्यात गेली. आणि रानाचा एक नियम असतो. तो त्यांना त्यांच्या बापानं सांगितला, त्याला त्याच्या बापानं.

"रानात कुणी नाव घिऊन हाक मारली का पयलीला ओ द्यायची नाय. दुसरीलाबी नाय. ते बाहेरचं आसतंय. बाहेरच्याला तिसरी हाक मारता येत नाय. तिसरी आली का समजायचं, माणूस हाय."

"अन् पहिलीला ओ दिली तर?" मी लहानपणी विचारायची.

"मंग जातंय घिऊन."

"कुठं?"

"ते सांगाया कोण माघारी आलंय?"

माय मात्र ह्या नियमाला पार वैतागली होती. सांजच्याला भाकरी झाल्या की ती दारात उभी राहून, टेकडीकडं तोंड करून हाक मारायची, "ओ मंगलच्या आबाऽऽ!" मंगल म्हणजे मी. नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? आबा समोरच्या टेकडीवर, चांगले दिसतील एवढ्या अंतरावर बसलेले असायचे. ढिम्म. दुसरी हाक. गालातल्या गालात हसू, बाकी ढिम्म. तिसऱ्या हाकेच्या जोडीला मायच्या तोंडून आणखीही काय काय बाहेर पडायचं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग तिकडून "ओऽऽ!"

"ह्यांच्यापरीस भूत बरं," माय म्हणायची. "ते निदान भाकर गरम तरी खाईल."

माय गेली त्यालाही आता काही वर्षं झाली. टेकडी तिथंच आहे, आबांचा नियमही तिथंच.

पुढं दुष्काळ पडला. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली, वस्तीवरची विहीर तळाला गेली, चारा मिळेना. आबांनी बरीचशी मेंढरं विकली, उरलेली माझ्या चुलतभावाच्या, धोंडूच्या, हवाली केली आणि मी त्यांना हाताला धरून संभाजीनगरला माझ्या घरी आणलं. 'लेकीच्या घरी किती दिवस ऱ्हावं माणसानं' ही कुरकुर एस्टीत बसल्यापासून सुरू झाली, ती बस स्टँडवर उतरलो तरी चालूच होती.

आमचा फ्लॅट बीड बायपासच्या पलीकडं, सातारा परिसरात. माझी नोकरी शेंद्र्याला, माझा नवरा संजय वाळूजला. एक शहराच्या ह्या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मधे घर, आणि घरात दिवसभर आबा एकटे. आमच्या भागात आधी बिल्डिंगी आल्या, मग त्यांच्या कमानी आल्या, मग जिम आली, केकचं दुकान आलं. पाणी यायचंय. नळ मात्र बसवलेत, चकचकीत. आबांनी आल्या आल्या एक नळ फिरवून पाहिला, खाली वाकून त्याच्या तोंडाला डोळा लावला आणि म्हणाले, "हितंबी आपल्यासारखंच हाय की. फकस्त चकाकतंय जास्त."

पाणी टँकरचं. टँकर कधी येईल ते टँकरलाच ठाऊक. खाली आला की ड्रायव्हर फोन करतो, मग कुणीतरी जाऊन टाकीचं कुलूप काढायचं. दिवसा बिल्डिंगीत हक्काचा माणूस कोण? आबा. सोसायटीनं एकमतानं त्यांचा नंबर ड्रायव्हरला देऊन टाकला. संजयनं त्यांना नवा मोबाइल घेऊन दिला. मी तो कसा उचलायचा ते दाखवलं. आबांनी मान डोलावली. त्या डोलावण्यावर मी विश्वास ठेवला, हेच चुकलं.

एक दिवस ड्युटीवरून येते, तर सगळ्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन जिन्यात बसलेल्या. टाकी ठणठणीत कोरडी. मी ड्रायव्हर रफिकभाईंना फोन लावला.

"क्या करूं बाजी, मैं फोन मारा. चाचा उठाए नै. आगे की बिल्डिंगवाले रस्ते पे खडे थे, उनकू दे दिया."

मी तरातरा वर गेले. "आबा, फोन वाजला होता का?"

"वाजला की."

"मग?"

"येकदाच वाजला."

"अहो, टँकर आला होता खाली!"

"मला दिसत व्हता की," आबा शांतपणे म्हणाले. "गॅलरीतच व्हतो मी. लई मोठा टँकर. घडीभर थांबला अन् गेला."

मी कपाळाला हात लावला. मी तापट बाई आहे. कंपनीत माझ्या लाइनवरची पोरं मला लांबून बघितलं तरी टोप्या सरळ करतात. पण आबांपुढं माझं काही चालत नाही, कारण ते भांडतच नाहीत.

"पाणी देणाऱ्या माणसानं येकदा हाक मारून निघून जावं व्हय?" ते म्हणाले. "ज्याला गरज आसंल तो तिसऱ्यांदा बोंबलंल."

"गरज आपल्याला आहे, आबा!"

"मंग आपुन मारायची हाक. त्यानं कशापायी मारली?"

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्या संध्याकाळी मला जे ऐकवलं ते मी निमूटपणे ऐकून घेतलं. रफिकभाईंना हात जोडून सांगितलं, "भाई, तीन बार मारो." तो भला माणूस. तेव्हापासून तीनदा फोन मारायचा आणि हाताखालच्या पोराला सांगायचा, "चाचा का हिसाब अलग है."

तिसरी रिंग झाली की आबा फोन न उचलताच खाली जाऊन कुलूप काढायचे. पाण्याचं असं भागलं. पण काकूंचं बोलणं आबांच्या कानावर गेलं होतं, आणि त्या दिवसापासून त्यांनी एकच धोशा लावला. "पाऊस झाला का मला वस्तीवर पोचव. हितं माझा काय उपेग? टाकीचं झाकण काढाया बसवलंय, तेबी जमंना."

वस्तीवर ते एकटे राहणार. धोंडूचं घर सोडलं तर जवळपास कुणी नाही, आणि धोंडू निम्मा वेळ बाजारात. पाय घसरला, चक्कर आली, साप निघाला, तर मला कळणार कसं? माझ्याकडून त्यांच्यापर्यंत जायला तेवढा एक फोनच. आणि तो हा माणूस उचलणार तिसऱ्यांदा, तोही मनात आलं तर.

मी म्हणाले, "जा. अडवत नाही. पण एक अट आहे. माझा फोन पहिल्या रिंगला उचलायचा. ते जमेपर्यंत एस्टीत पाय ठेवायचा नाही."

"अन् नाय जमलं तर?"

"तर ऱ्हावा हितंच, नळाकडं बघत."

अशी आमची शिकवणी सुरू झाली. शिकवणारी तापट, शिकणारा ढिम्म, आणि संजय मधे बसून दोघांना चहा देणारा.

पहिली अडचण बोटांची. जन्मभर लोकर कातरून आणि दोर वळून आबांच्या बोटांची साल इतकी निबर झालेली, की ते बोट फिरवताहेत हे मोबाइलला कळायचंच नाही. मी तेल लावून पाहिलं, गरम पाण्यात हात बुडवायला लावले. शेवटी करंगळीच्या कडेनं जमलं. तेव्हापासून आबा फोन उचलताना करंगळी अशी काही नाजूक वाकडी करतात, की बघणाऱ्याला वाटावं, अत्तर लावून घेताहेत.

चार्जिंग मात्र शिकवावंच लागलं नाही. सांज झाली की फोन वायरीला 'बांधायचा', सकाळी 'सोडायचा'. मधेच कुणी काढला तर रागवायचे, "अर्धपोटी जनावर सोडू नाय." दिवसभर तो त्यांच्या बंडीच्या खिशात, काच बाहेरच्या बाजूला. का, तर त्यालाही वारं लागावं.

व्हिडिओ कॉल तर त्यांनी एका दिवसात आपलासा केला. मी धोंडूला लावून दिला. धोंडूचं तोंड दिसताच आबा म्हणाले, "तुझं तोंड लई बगितलंय. बाजूला व्हय, मेंढरं दाव." धोंडूनं फोन फिरवला. आबांनी एकेकीची चौकशी केली. ह्या काळीनं खाणं का सोडलं, ती भुंडी पाय का ओढतीय. मग काय मनात आलं कोण जाणे, ओठ मुडपून त्यांनी अशी शीळ घातली, की तिकडं सगळ्या मेंढरांनी माना वर केल्या आणि अख्खा कळप फोनच्या दिशेनं, म्हणजे धोंडूच्या दिशेनं, धावत सुटला. आम्हाला थोडं आभाळ दिसलं, भरपूर लोकर दिसली आणि शेवटी धोंडूची एक चप्पल दिसली.

मी संधी साधली. "बघा! मेंढरं पहिल्या हाकेला येतात. अन् तुम्ही?"

"मेंढराला भुताचं भ्या नसतंय," आबा डोळे पुसत म्हणाले. हसून हसून पाणी आलं होतं त्यांच्या डोळ्यांत. "त्याला लांडग्याचं आसतंय. अन् लांडगा काय हाक मारत नाय."

सगळं यायला लागलं, पण मूळ दुखणं होतं तिथंच होतं. मी स्वयंपाकघरातून फोन लावायची. बाहेरच्या खोलीत आबांच्या खिशात तो कोकलत असायचा आणि आबा पंख्याकडं बघत बसलेले.

"वाजतोय, आबा!"

"ऐकतोय की. झाली का येक? आता दुसरी मार."

असे कितीतरी दिवस गेले. मग एकदा शेंद्र्याहून येताना कंपनीच्या बसमध्ये मला एकदम सुचलं. ह्यांना तिसरी हाकच पाहिजे ना? घ्या तिसरी हाक! घरी आले, चप्पल न काढता गच्चीवर गेले, आमच्या भागामागच्या डोंगराकडं तोंड केलं आणि फोनमध्ये भरून घेतलं, "ओ आबाऽऽ! ओ आबाऽऽ! ओ आबाऽऽ!" अशी बेंबीच्या देठापासून हाक मी लहानपणानंतर मारलीच नव्हती. फ्लॅटमध्ये कुणाला हाक मारायची वेळच येत नाही. खाली दोघीजणी बादल्या घेऊन फाटकाकडं धावल्या. त्यांना वाटलं, टँकर आला.

आबांच्या फोनमध्ये माझ्या नंबराला मी ती हाक रिंगटोन म्हणून लावून टाकली. आता माझी एकच रिंग गेली तरी तिच्यात तीन हाका. भुताची पंचाईत, नियमही शाबूत, आणि माझं कामही फत्ते.

आबा जेवत होते. मी चुलीशी, म्हणजे आपल्या गॅसपाशी, उभी राहून फोन लावला. "ओ आबाऽऽ!" आबांचा भाकरीचा हात वाटेतच थांबला. त्यांनी माझ्याकडं नाही पाहिलं, मी तर समोरच होते. त्यांनी दाराकडं पाहिलं.

हाका संपल्या. आबा म्हणाले, "पुन्हा लाव."

मी लावला.

"पुन्हा."

मला वाटलं, नीट वाजतंय का ते तपासताहेत. मग "बरं हाय," म्हणून ते अर्ध्या जेवणावरून उठले आणि गॅलरीत कबुतरांजवळ जाऊन बसले. मी आपली माझ्याच अकलेवर खूश. दुसऱ्या दिवसापासून बघा, तिसरी हाक संपली की करंगळी वाकडी आणि "ओऽऽ!" पहिल्याच रिंगला! संजयनं पेढे आणले. आबा पास झाले.

पाऊसही झाला. फार नाही, पण विहिरीला पाणी लागलं आणि टेकडीवर हिरवं दिसायला लागलं. धोंडूनं व्हिडिओवर दाखवलं, तसं आबांनी घोंगडी झटकली. मला अडवायला तोंड नव्हतं. अट माझीच होती, आणि त्यांनी ती पुरी केली होती.

पहिले काही दिवस ठीक गेले. मग एका संध्याकाळी मी फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा लावला. तोही. तिसऱ्यांदा लावला, तर "ओऽऽ! बोल मंगे."

"आबा, काय ठरलं होतं आपलं?"

"हात गुतले व्हते."

दुसऱ्या दिवशी तेच. कारण, कोकरू पाजत होते. तिसऱ्या दिवशी तेच. कारण, चप्पल सापडत नव्हती. फोन उचलायला चप्पल कशाला लागते? रोज हेच चाललं. पहिली रिंग संपली की मला साप दिसायचा, दुसरी संपली की विहीर दिसायची.

शेवटी मी धोंडूला विचारलं, "तिथं रेंज नाही का रे?"

"रेंज लई हाय, ताई. माझा फोन तर वाजायच्या आधी उचलत्यात. दवाखान्याचा उचलत्यात, दुकानदाराचा उचलत्यात. ते कर्ज पायजे का म्हणून पोरींचे फोन येत्यात ना, तेबी उचलत्यात. परवा येकीला मेंढरं कशी धुवायची ते सांगत बसले व्हते. तीबी बिचारी ऐकत व्हती."

"अरे, आणि ते भुताचं?"

"म्याबी इचारलं. म्हणले, बाहेरच्याला रिचार्ज कोण मारून देणार?"

म्हणजे साऱ्या जगाचा फोन पहिल्या रिंगला आणि पोटच्या पोरीचा तिसऱ्या! माझं डोकं जे फिरलं! सुट्टीच्या दिवशी सकाळीच कन्नडची एस्टी धरली, पुढं जीप, पुढं पायी. आबांचे कपडे भरायला रिकामी पिशवीसुद्धा बरोबर घेतली होती. अट मोडली, आता चला माघारी. एक शब्द ऐकून घ्यायचा नाही, असं मी सगळ्या वाटेनं स्वतःला बजावत होते.

वस्तीवर पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. घराला नुसती कडी. समोर टेकडीवर आबा बसलेले, भोवती मेंढरं, आणि शेजारी घोंगडीवर फोन मांडून ठेवलेला. म्हटलं, रंगेहाथ पकडते. कुडाच्या आडोशाला उभी राहिले आणि फोन लावला.

"ओ आबाऽऽ!"

माझाच आवाज टेकडीवरून माझ्याकडं आला. मेंढरांनी माना वर केल्या. फोन हाताशी होता, नुसती करंगळी लावायची होती. आबांनी हात हलवला नाही. त्यांनी मान वळवली आणि आमच्या घराच्या दाराकडं बघत राहिले. दारात कुणी नव्हतं. तरी बघत राहिले. हाका संपल्या, फोन बंद पडला, तरी ते तिकडंच बघत होते.

मी दुसऱ्यांदा लावला. ह्या वेळी ते हसले. अगदी तसे, मायनं दुसरी हाक मारली की हसायचे तसे.

तिसऱ्यांदा माझ्यानं फोन लाववेना. पिशवी खाली ठेवली, दारात जाऊन उभी राहिले, माय उभी राहायची तिथंच, आणि तोंडानंच हाक मारली.

"ओ आबाऽऽ!"

"ओऽऽ!"

ते टेकडीवरून खाली आले. चोरी पकडली गेल्याचं चेहऱ्यावर काही नाही. "आलीस व्हय? फोन करून यायचं की."

"केला होता! दोनदा!"

आबांनी आधी मेंढरं आत घातली. मग ओट्यावर टेकत म्हणाले, "बोलताना तुझा आवाज तुझाच आस्तो, मंगे. पर हाक मारताना तुझ्या मायचा हाय. थेट. शहरात पयल्यांदा लावलास तवाच म्या वळखला. उचलला का बंद पडतो गं तो. म्हून जरा ऐकतो."

मी भांडायला आले होते. कसलं भांडते! ओट्यावर बसून सरळ रडले. मला माझा आवाज मायसारखा आहे हे ठाऊकच नव्हतं. ती गेल्यापासून तो माझ्याच गळ्यात होता, आणि मी तो कधी मोठ्यानं काढलाच नव्हता.

मग डोळे पुसले आणि थोडी भांडलेही, कारण स्वभाव. "अहो, पण इकडं मी काळजीनं मरते त्याचं काय?"

"तिसरीला उचलतो की. तिसरीला कधी चुकलो का?"

नव्हते चुकले. मायच्या वेळीही कधी चुकले नव्हते. मग आम्ही नवी अट ठरवली. दोनदा वाजू द्यायचा, तिसऱ्याला उचलायचा. चौथ्यांदा लावायची वेळ आली, तर मी पिशवी घेऊन हजर. आबांनी मान डोलावली. ह्या वेळी मी विश्वास ठेवला. रिकामी आणलेली पिशवी त्यांनी शेवग्याच्या शेंगांनी भरून दिली.

आता कंपनीच्या बसमध्ये बसले की मी रोज आबांना फोन लावते. एकदा लावते, ठेवते. दुसऱ्यांदा लावते, ठेवते. साप दिसत नाही, विहीरही दिसत नाही. शेजारची बाई माझ्याकडं बघून हळहळते, "उचलत नाहीत का गं वडील?"

"उचलतात की," मी म्हणते. "पहिल्या दोन हाका मायच्या असतात. तिसरी माझी."